छेद कुठे आहे?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. डिसेंबर २०२५)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. तो मी बदलून मागितला. गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर मेळाव्याच्या तयारीपेक्षा जास्त चर्चा वजनाच्या इंजेक्शनांची झाली आहे. कोणी लिहिलं, त्याने डोळे जातात. कोणी लिहिलं, थायरॉइडचा कॅन्सर होतो. कोणाच्या वहिनीचं वीस किलो उतरलं आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही. काल इथे आल्यापासून मला निदान आठ जणांनी बाजूला घेऊन विचारलं, "तू घेतेस ना? खरं सांग." घेते. गेले सहा महिने घेते. आठ वेळा कोपऱ्यात सांगण्यापेक्षा एकदा माइकवरच सांगावं म्हटलं.

मी डॉक्टर नाही. आपल्या वर्गातले दोघं डॉक्टर पहिल्या रांगेत बसलेत, मी कुठे घसरले तर त्यांनी तिथूनच हात वर करावा. माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यातला निम्मा वेळ एकाच प्रश्नावर जातो: हा बदल केला तर कुठे काय बिघडेल, किती जणांचं बिघडेल, आणि तरीही तो करावा का? औषध घ्यायचं ठरवण्याआधी मी कागदावर तोच हिशेब मांडला होता. तो तुमच्यापुढे ठेवते.

गणिताचे सर इथे आहेत. अपूर्णांकाचा छेद लिहायला विसरलं की सर पूर्ण उदाहरणावर लाल रेघ मारायचे. ग्रुपवरच्या बहुतेक बातम्यांवर मला तशी रेघ माराविशी वाटते. 'उलट्या होतात' म्हणजे कितीपैकी कितींना? आणि जे औषध घेत नाहीत त्यांच्यापैकी कितींना?

आधी औषधं कोणती ते सांगते. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सुटतं. ते मेंदूला सांगतं की पोट भरलं, स्वादुपिंडाला सांगतं की इन्सुलिन सोड, आणि जठराला सांगतं की सावकाश रिकामं हो. पण शरीर ते काही मिनिटांत मोडून टाकतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या डॉ. जॉन एंग यांनी गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात तसंच काम करणारा, पण टिकून राहणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. त्यावरून २००५ मध्ये मधुमेहाचं पहिलं औषध आलं. पुढे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड आणि त्या एका संप्रेरकाबरोबर आणखी एकाची नक्कल करणारं टिर्झेपॅटाइड. भारतात टिर्झेपॅटाइड यंदा मार्चमध्ये आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये. मी टिर्झेपॅटाइड घेते, आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पोटाच्या कातडीत.

लक्षात घ्या, औषध काम करतं ते जठर सावकाश रिकामं करून आणि भूक मारून. मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठता हे सगळं त्याच कामाचं दुसरं टोक आहे.

वजनाच्या औषधांबद्दल मोठ्या माणसांच्या मनात शंका असते, ती उगीच नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन वजन उतरवायला सर्रास विकलं जायचं. वजन खरंच उतरायचं. काहींना मोतीबिंदू झाले आणि काही माणसं अंगात ताप चढून गेली. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण त्याने हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. रिमोनाबांटला युरोपात २००६ मध्ये परवानगी मिळाली आणि २००८ मध्ये ते थांबवलं गेलं, कारण नैराश्य.

आणि सिब्युट्रामिन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या सगळ्या विचाराची दिशा या एका उदाहरणाने ठरली. या औषधाची मोठी चाचणी झाली. जवळजवळ दहा हजार माणसं, सगळी पंचावन्नच्या पुढची, हृदयाचा आजार किंवा मधुमेह असलेली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. पण २०१० मध्ये निकाल लागला तेव्हा बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या दहा जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू असं काहीतरी झालं होतं, आणि औषधाच्या गटात ११.४ जणांना. म्हणजे वजनकाट्यावर औषध पास झालं आणि हृदयाच्या पेपरात नापास. त्याच वर्षी ते अमेरिका-युरोपातून गेलं, पुढच्या वर्षी आपल्याकडेही बंदी आली.

आता २०२३ ची सेमाग्लुटाइडची चाचणी बघा. १७,६०४ माणसं, पंचेचाळीसच्या पुढची, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेली, वजन जास्त, मधुमेह मात्र नसलेली. सरासरी तीन वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. झटका, पक्षाघात किंवा हृदयाने मृत्यू, हे बिनऔषधाच्या गटात शंभरात आठ जणांना, औषधाच्या गटात साडेसहा जणांना. वजन दोन्ही औषधांनी उतरलं, हृदयाचं मात्र एकाने बिघडवलं आणि दुसऱ्याने सुधारलं. म्हणून कोणी मला 'बारा किलो उतरलं, म्हणजे औषध चांगलं' असं म्हटलं की मी गप्प बसते. ते वाक्य सिब्युट्रामिनबद्दलही म्हणता आलं असतं.

या दुसऱ्या चाचणीची बातमी 'धोक्यात २० टक्के घट' अशी आली. खोटी नाही. आठाचे साडेसहा झाले, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा गेला. पण छेद लिहून बघा: शंभर माणसांनी तीन वर्षांहून जास्त काळ दर आठवड्याला सुई टोचून घेतली, तर दीड माणसाचा झटका टळतो. एकाचा टळण्यासाठी सदुसष्ट जणांनी औषध घ्यावं लागतं. आणि त्याच चाचणीत दुष्परिणामांमुळे औषध सोडून देणारे शंभरात सोळा-सतरा होते, बिनऔषधाच्या गटात आठ. ज्याला आधीच एक झटका येऊन गेलाय त्याला सदुसष्टात एक हा आकडा मोठा वाटेल, आणि तो वाटावाच.

आता रोजच्या त्रासांकडे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली सेमाग्लुटाइडची एक चाचणी आहे, मधुमेह नसलेल्या १,९६१ लोकांची, ६८ आठवड्यांची. वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, बिनऔषधाच्या गटात २.४ टक्के. मळमळ औषधाच्या गटात शंभरात चव्वेचाळीस जणांना. ऐकायला भयंकर. पण नुसत्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांतही सतरा जणांना मळमळ झाली! म्हणजे औषधाच्या खात्यावर सत्तावीस लिहायचे, चव्वेचाळीस नाही. उलट्या पंचवीस विरुद्ध सात, जुलाब एकतीस विरुद्ध सोळा, बद्धकोष्ठता तेवीस विरुद्ध नऊ-दहा. यातले बहुतेक त्रास डोस वाढवताना होतात आणि काही दिवसांत ओसरतात. पोटाच्या त्रासाला कंटाळून औषध सोडणारे शंभरात साडेचार होते.

माझी नोंदवही सांगते: पहिल्या महिन्यात जवळजवळ काही नाही. ऑगस्टमध्ये डोस अडीचवरून पाच मिलिग्रॅम केला, तेव्हा आठवडाभर चहाचा वास नकोसा झाला. (पुण्यात राहून चहा नको म्हणणं हा सामाजिक दुष्परिणाम, तो कुठल्याच चाचणीत मोजलेला नाही.) गणपतीत एक मोदक खाल्ला आणि दुसरा हातात धरून बसले, मावशीला वाटलं मला आवडला नाही. दिवाळीच्या आठवड्यात साडेसातवर गेले आणि दोन दिवस उलट्या झाल्या. डॉक्टरांनी पुन्हा पाचवर आणलं. तिथेच आहे. बद्धकोष्ठता मात्र सहा महिने मुक्कामाला आहे. इसबगोल, पाणी आणि सकाळचं चालणं यांवर ती कशीबशी ताब्यात राहते. तुम्ही जेवण करून बसलात म्हणून यापेक्षा तपशिलात शिरत नाही.

दुसरीकडे, डोक्यातली खा-खा थांबली. ज्यांना ती नसते त्यांना हे समजावून सांगता येत नाही. मीटिंग चालू असताना पेंट्रीतल्या बिस्किटांचा विचार, जेवताना रात्रीच्या जेवणाचा विचार, असं माझं वीस वर्षं चालू होतं. तो आवाज एका गुरुवारी दुपारी बंद झाल्याचं मला अचानक जाणवलं. 'जिभेवर ताबा ठेवायचा, औषधं कशाला' असं म्हणणाऱ्या इथल्या काही मंडळींना मी आदरपूर्वक सांगते की तुमच्या डोक्यात तो आवाज मुळातच बारीक असणार. त्यात कर्तृत्व कमी आणि नशीब जास्त.

आता दुर्मिळ पण गंभीर गोष्टी. या दुसऱ्या वहीत लिहायच्या, मळमळीच्या बेरजेत मिसळायच्या नाहीत. त्याच १,९६१ लोकांच्या चाचणीत पित्ताशयाचे विकार, मुख्यतः खडे, औषधाच्या गटात शंभरात २.६, दुसऱ्या गटात १.२. झपाट्याने वजन उतरलं की खडे होतात, ते कोणत्याही मार्गाने उतरो. स्वादुपिंडाला सूज आली ती औषध घेणाऱ्या १,३०६ पैकी तिघांना, दुसऱ्या गटात कोणालाच नाही. तीन हा आकडा लहान आहे. पण पोटात वर दुखतंय, पाठीपर्यंत कळ जातेय, थांबत नाहीये, असं झालं तर ॲसिडिटी म्हणून घरी बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

थायरॉइडचं काय? उंदीर-घुशींना हे औषध दिल्यावर थायरॉइडच्या एका विशिष्ट प्रकारच्या पेशींच्या गाठी झाल्या. म्हणून अमेरिकेत माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा असतो. ज्याच्या घराण्यात 'मेड्युलरी' जातीचा थायरॉइडचा कॅन्सर झालाय त्याने ही औषधं घ्यायची नाहीत. आपल्यापैकी निम्म्याजणी थायरॉइडची गोळी घेतात, ती कमी चालणाऱ्या थायरॉइडची. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी.

डोळ्यांचं. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी जाण्याचा एक विकार आहे. युरोपच्या औषध संस्थेने यंदा जूनमध्ये सांगितलं की सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत तो अतिशय विरळा दुष्परिणाम आहे, दहा हजारांत एकापर्यंत. ग्रुपवर 'डोळे जातात' हे तीन शब्द आले होते. दहा हजार हा छेद कोणीच पाठवला नव्हता. पण जुना मधुमेह असलेल्यांना डोळ्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. साखर झपाट्याने खाली आली की दृष्टिपटलाचं आधीचं दुखणं काही काळ वाढू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यायचे.

दोन गोष्टी आपल्या वयामुळे सांगायलाच हव्यात. आता कोणाची गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरते, कोणाची दुर्बिणीने तपासणी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधी सांगा. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न राहिलेलं असू शकतं आणि बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुसरी गोष्ट सरांसमोर बोलायला मला दहावीत सुचलं नसतं: टिर्झेपॅटाइडने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काळजी घ्यायची. चाळिशीनंतर पाळणा हलल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

मला स्वतःला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ज्या दुष्परिणामाबद्दल ग्रुपवर अवाक्षर नव्हतं त्याची. वजन उतरतं ते फक्त चरबीचं नाही. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या काही लोकांचं शरीर तपासलं तेव्हा गेलेल्या वजनात जवळजवळ ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. टिर्झेपॅटाइडच्या चाचणीत हाच भाग साधारण चौथा हिस्सा होता. तो सगळा स्नायूच असतो असं नाही, पाणी वगैरेही असतं, आणि उपाशी राहून वजन उतरवलं तरी स्नायू जातोच. पण आपल्याला तो घालवणं परवडत नाही, आणि याचं कारण पुण्यातच सापडलेलं आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीचा आणि स्नायूंनी गरीब असतो, हे त्यांनी स्वतःचंच शरीर पुढे करून दाखवलं. म्हणजे आपण औषध सुरू करतो तेव्हा स्नायूंची शिल्लक मुळातच कमी. त्यातून पुन्हा काढायचं, तेही भूक नसताना, दोन घासांत पोट भरत असताना, आणि आपल्या वरणभातात प्रथिनं किती असतात ते विज्ञानाच्या बाईंना विचारा. माझ्या ताटात आता आधी अंडी किंवा पनीर आणि उसळ येते, भाताला जागा उरली तर भात. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलते. शाळेत पीटीच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून बाकावर बसणारी मी, हे सर विसरले नसतील.

आता थांबवण्याचा प्रश्न. १४.९ टक्क्यांवाल्या चाचणीतल्या काही लोकांचं औषध बंद करून वर्षभर पाहिलं. उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. यावर लोक म्हणतात, बघा, उपयोग काय! मला हा आक्षेप अर्धाच पटतो. रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब वाढतो, तेव्हा कोणी गोळीला नावं ठेवत नाही. पण हिशेब मात्र बदलतो. 'मुलीच्या लग्नापर्यंत चार महिने घेते' असं म्हणणारी व्यक्ती चार महिन्यांचे त्रास आणि तात्पुरता फायदा, असा सौदा करत असते. आणि जाताना स्नायू जातो, येताना मुख्यतः चरबी येते, अशीही भीती असते. हा सौदा वर्षानुवर्षांचा समजूनच करायचा. खर्चासकट. टिर्झेपॅटाइड आलं तेव्हा पाच मिलिग्रॅमची एक कुपी ४,३७५ रुपयांची होती, महिन्याला चार.

मग मी का घेते? माझी उंची १५८ सेंटिमीटर, जुलैमध्ये वजन ८६ किलो. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. यकृतावर चरबी. आणि माझी आई. बाईंना ती आठवत असेल, पालकसभेला कायम पहिली यायची. अठरा वर्षं मधुमेह आणि शेवटची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिथल्या खुर्चीवर बसून मी ऑफिसचं किती काम केलंय याची मोजदाद नाही.

टिर्झेपॅटाइडची माझ्यासारख्यांवर, म्हणजे वजन जास्त आणि साखर उंबऱ्यावर असलेल्या १,०३२ लोकांवर, तीन वर्षांहून जास्त काळ चाचणी झाली. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या तेरा जणांना मधुमेह झाला. औषधाच्या गटात एकाला. म्हणजे आठ-नऊ जणांनी घेतलं तर एकाचा टळतो, निदान तेवढा काळ तरी. मघाशी हृदयाच्या रुग्णांचा छेद सदुसष्ट होता. माझा आठ-नऊ आहे. आणि ज्या मैत्रिणीची साखर, रक्तदाब, गुडघे सगळं ठीक आहे, बीएमआय २४ आहे आणि तिला फक्त जुना ड्रेस बसायला हवा आहे, तिचा छेद किती? तिच्यासाठी असा आकडाच नाही, कारण चाचण्या तिच्यासारख्यांवर झालेल्या नाहीत. मळमळ मात्र तिलाही होणार, खडे तिलाही होऊ शकतात, आणि स्नायू तर तिचाच जास्त महाग. औषध त्रास वाटताना रांगेतल्या सगळ्यांना जवळजवळ सारखे वाटतं. फायदा ज्याच्या त्याच्या दुखण्याच्या मापाने मिळतो. दुखणं मोठं असेल तर सौदा फायद्याचा, नसेल तर त्रास विकत घेतल्यासारखं. कुणाच्या वहिनीचे वीस किलो यात कुठेच बसत नाहीत.

हे आज बोलायचं कारण आणखी एक आहे. येत्या मार्चमध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपतंय. बऱ्याच देशी कंपन्या तयारीत आहेत, म्हणजे किंमत उतरणार. मला त्याचा आनंदच आहे. ज्यांना खरी गरज आहे आणि जे किंमत ऐकून मागे फिरतात, त्यांना ते परवडू लागेल. पण आज निदान किंमत आपल्याला थांबवते, विचार करायला लावते. उद्या ते काम कोण करणार? आत्ताच आपल्यापैकी एकाला जिमच्या ट्रेनरने कुपी देऊ केली होती, चिठ्ठीशिवाय, बर्फाच्या पिशवीतून. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिलेला आहे. आणि कोणीतरी मला काल विचारलं, तुझ्या पेनात उरलं असेल तर देशील का? नाही. सुई बदलली तरी नाही.

सेमाग्लुटाइड शरीरातून पुरतं जायला पाचेक आठवडे लागतात. गोळी खाल्ली, सोसली नाही, उद्यापासून बंद, असं इथे होत नाही. एकदा टोचलं की तो आठवडा काढावाच लागतो. आमच्या कामात ज्या बदलाला लगेच मागे घेता येत नाही, त्याची सुरुवात सर्वांत लहान पायरीने करतात. डॉक्टर महिना-महिना थांबून डोस वाढवतात ते त्यासाठीच. लवकर उतरावं म्हणून पायऱ्या गाळणारे दोघं मला माहीत आहेत. दोघांनाही सलाइन लागलं.

आणखी एक, वजनाशी थेट संबंध नसलेलं. कालपासून इथे ज्यांना ज्यांना 'अगं, किती सुटलीस' म्हटलं गेलं आणि ज्यांना 'किती बारीक झालीस, काय करतेस' म्हटलं गेलं, त्या दोघींनाही काल रात्री नीट जेवता आलं नाही, हे मी पाहिलंय. सत्तावीस वर्षांनी भेटतोय आपण. दुसरे विषय आहेत.

आज सकाळी माझं वजन ७७ होतं, साखर ५.७ आहे. केस थोडे गळतात. पुढची तपासणी जानेवारीत आहे. डॉक्टर विचारतील की डोस पुन्हा वाढवून बघायचा का. मी त्यांच्यापुढे वजनाचा आलेख ठेवणार नाही. साखर, यकृताची सोनोग्राफी आणि हातातली ताकद, म्हणजे जिममध्ये मी किती किलो किती वेळा उचलते त्याची वही, एवढं ठेवणार आहे. पहिले दोन आकडे सुधारत असतील आणि तिसरा टिकून असेल तर पाचवरच राहायचं, वजन ७७ वर अडलं तरी. तिसरा घसरत असेल तर डोस कमी करायचा. आई शेवटच्या वर्षी खुर्चीवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नव्हती. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठते आणि बसते.